नाव झाका, पाणी सांगा

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आदिलाबाद मागे पडले की गुडीहतनूर, इच्चोडा आणि मग नेरडीगोंडा लागते. तिथून आत वळून बारा-तेरा किलोमीटरवर कडेम नदी कुंतलाच्या कड्यावरून खाली येते. सुमारे ४५ मीटर उंचीचा हा धबधबा तेलंगणातला सर्वांत उंच म्हणून ओळखला जातो. महाशिवरात्रीला इथल्या सोमेश्वराच्या दर्शनाला भाविक येतात. पावसाळा सुरू झाला की किनवट, नांदेड, पांढरकवडा, यवतमाळकडची पोरे मोटारसायकली काढून येतात. त्यांना हा परका मुलूख वाटत नाही. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते, आणि आजही या पट्ट्यात सोयरिकी, बाजारहाट, भाषा सगळे राज्याच्या सीमेला न जुमानता चालते.

या धबधब्याच्या डोहांत माणसे बुडतात. आजवर अनेकदा बुडाली आहेत. दर वेळी बातमी येते आणि ती वाचली की आधीच्या बातमीची आठवण येते, कारण दोन्हींचा साचा एकच असतो. मुलाचे नाव, वय, गाव, वडील काय करतात, किती बहिणींत एकुलता एक होता, कोणत्या महाविद्यालयात होता. सोबत त्याच्याच फोनवरून उचललेला हसरा फोटो. नंतर रुग्णालयाच्या आवारात आक्रोश करणारी आई. आणि मृत्यूच्या कारणासाठी एकच वाक्य: पाण्याचा अंदाज न आल्याने.

कोणता अंदाज? खोलीचा? वरच्या बाजूला पाऊस पडून नदी चढली होती, त्याचा? खडकावरच्या शेवाळाचा? धारेच्या पायथ्याशी फेसाळलेल्या पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे तिथे अंग नेहमीसारखे तरंगत नाही, आणि पडणाऱ्या पाण्याचा भोवरा माणसाला पुन्हा पुन्हा धारेखाली खेचतो, हे त्याला ठाऊक नव्हते का? की तो स्वतः बुडतच नव्हता, बुडणाऱ्या मित्राला काढायला गेला होता? यातले प्रत्येक कारण वेगळे आहे आणि प्रत्येकावरचा उपायही वेगळा आहे. शेवाळाचा प्रश्न असेल तर कठडा आणि दोर लागतील. वरचा पाऊस असेल तर वर माणूस आणि खाली भोंगा लागेल. मित्राला वाचवण्याचा असेल तर हवा भरलेले रबरी टायर आणि दोरी काठावर हाताशी हवी. पण ते एक वाक्य छापले की सगळी कारणे एकाच डोहात बुडतात.

माझे म्हणणे सरळ आहे. अपघाती मृत्यूनंतर जे झाकायचे ते आपण उघडे टाकतो आणि जे उघडे करायचे ते झाकलेलेच राहते. कुटुंबाची खासगी बाजू आणि इतरांनी घ्यायचा धडा यांच्यात ओढाताण आहे, एक जपायचे तर दुसऱ्यावर पाणी सोडावे लागते, असे मानले जाते. आपल्याकडची खरी अडचण ती नाहीच. आपण दोन्ही एकदम गमावतो.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या परिसरात पुण्याचे एक कुटुंब वाहून गेले. एक बाई आणि चार मुले, पाच जीव. काठावरून कुणीतरी त्यांचे शेवटचे क्षण फोनवर टिपले. प्रवाहाच्या मधोमध खडकावर एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली माणसे, आणि मग कुणीच नाही. पुढचे कित्येक दिवस ते चित्रण देशभरच्या वाहिन्यांवर आणि घराघरातल्या फोनवर फिरले. त्या घरातली मागे राहिलेली माणसे ते पुन्हा पाहायचे की नाही हे ठरवूच शकत नव्हती; ते त्यांच्यावर येऊन आदळत होते. हे दाखवून लोक सावध होतील, असे समर्थन तेव्हा ऐकू येत होते. सावध होण्यासाठी काय लागते? वरच्या भागात पाऊस पडला तर काही मिनिटांत प्रवाह चढतो, आणि प्रवाहाच्या मध्यातला कोरडा खडक ही उभे राहण्याची सर्वांत वाईट जागा असते, हे कळायला लागते. ते एका नकाशावर, बाजूला घड्याळाची वेळ लिहून, कुणाच्याही लेकराचा चेहरा न दाखवता सांगता येते.

चित्रणातून शिकता येतच नाही असे माझे म्हणणे नाही. स्कूबा डायव्हिंगच्या जगात याचा एक विलक्षण दाखला आहे. दक्षिण आफ्रिकेत बोसमान्सगाट नावाची पाण्याने भरलेली प्रचंड गुहा आहे. १९९४ मध्ये तिथे डिऑन ड्रायर हा तरुण पाणबुड्या बुडाला. जानेवारी २००५ मध्ये डेव्ह शॉ नावाचा अनुभवी पाणबुड्या त्याचा मृतदेह आईवडिलांना परत आणून देण्यासाठी सुमारे २७० मीटर खोल उतरला आणि तिथेच मरण पावला. त्याच्या शिरस्त्राणावरच्या कॅमेऱ्यात सारे चित्रित झाले होते, श्वासाच्या आवाजासकट. त्या चित्रणावर न्यूझीलंडचे डॉ. सायमन मिचेल आणि सहकाऱ्यांनी काम केले आणि २००७ मध्ये त्याचे विश्लेषण वैद्यकीय नियतकालिकात आले. इतक्या खोलीवर श्वासातला वायू इतका दाट होतो की कष्टाचे काम करताना शरीरातला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणे फुप्फुसांना जमत नाही. माणूस जोरजोराने श्वास घेतो आणि तेवढाच अधिक गुदमरतो. त्या क्षेत्रातल्या लोकांनी हा धडा मनावर घेतला. असे चित्रण कुणाच्या हाती जाते, तो त्यात काय शोधतो आणि शोधून झाल्यावर काय बाहेर ठेवतो, यावर सगळे अवलंबून असते.

पाणबुड्यांचे जग लहान आहे आणि त्यातला प्रत्येक मृत्यू कुणाच्या तरी ओळखीच्या माणसाचा असतो. तरी, किंवा त्यामुळेच, त्यांनी मृत्यूंकडे नीट पाहण्याची शिस्त लावून घेतली. ऑस्ट्रेलियात डॉ. डग्लस वॉकर यांनी अनेक दशके डायव्हिंगमधल्या मृत्यूंच्या हकिकती गोळा केल्या, ओळख गुप्त राखण्याचे वचन देऊन. अमेरिकेत शेक एक्झ्ली या गुहा-पाणबुड्याने फ्लोरिडाच्या झऱ्यांतले मृत्यू एकापुढे एक मांडले आणि १९७९ मध्ये एक छोटे पुस्तक लिहिले. बाहेरपर्यंत अखंड जाणारी दोरी नसणे, परतीसाठी पुरेशी हवा राखून न ठेवणे आणि झेपेल त्याहून खोल जाणे, हीच कारणे फिरून फिरून येत होती. त्यातून एक तृतीयांश हवा जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश अडचणीसाठी, हा नियम रुजला. अमेरिकेतल्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या अभ्यासकांनी १९९२ ते २००३ या काळातले ९४७ मृत्यू तपासले. जिथे सुरुवातीचे कारण कळू शकले, तिथे ४१ टक्के वेळा ते टाकीतली हवा संपणे किंवा अपुरी पडणे हे होते. त्या ९४७ जणांपैकी एकाचेही नाव मला माहीत नाही. ते माहीत असण्याची गरजही नाही. मला, किंवा मालवणला पहिल्यांदा पाण्याखाली जाणाऱ्या एखाद्या मुलीला, एवढेच कळायला हवे की टाकीवरचा काटा बघत राहायचा.

हे सगळे परदेशातले, आपल्याकडे कसे जमणार, असे म्हणणाऱ्याला केरळ दाखवावे. बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांच्या मृत्यूंची गोपनीय तपासणी तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून चालवली आहे. अहवालात बाईचे नाव नसते, डॉक्टरचे नसते, रुग्णालयाचे नसते. रक्तस्राव किती वेळात ओळखला, रक्त कधी मागवले, कधी मिळाले, दुसरीकडे पाठवायला उशीर का झाला, हे मात्र असते. बाळंतिणीच्या मृत्यूइतकी घराच्या आतली गोष्ट दुसरी कोणती असेल? त्या घरांची अब्रू राखून जर शिकता येते, तर धबधब्यावरच्या मृत्यूतून शिकता येणार नाही असे कुणी सांगू नये.

आपल्याकडे पाण्यातल्या मृत्यूची नोंद होते ती आकस्मिक मृत्यू म्हणून. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. पोलीस येतात, पंचनामा होतो, शवविच्छेदन होते. या सगळ्यातून एकच प्रश्न सोडवायचा असतो: यात घातपाताचा संशय आहे का? नाही, असे उत्तर आले की कागद बंद. मृत्यू कसा टळला असता, हा प्रश्न त्या कागदावर नाहीच. मुंबईत १९९९ पर्यंत कोरोनर होता, उघड्या न्यायालयात मृत्यूची चौकशी होत असे. ती पद्धतही गेली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात बुडून मेलेल्यांचा आकडा अलीकडे वर्षाला ३५ हजारांच्या वर असतो. होडी उलटून, पाण्यात पडून आणि इतर, एवढीच त्याची विभागणी. ‘इतर’ मध्ये कुंतलाचा डोह येतो, शेततळे येते, विहीर येते, तारकर्लीचा समुद्र येतो.

नेरडीगोंड्यात तर आणखी एक फट आहे. समजा, नांदेडचा मुलगा इथे बुडाला. पंचनामा तेलुगूत होणार, शवविच्छेदन आदिलाबादला, स्थानिक बातमी तेलुगू वृत्तपत्रात. मृतदेह सीमा ओलांडून गावी गेला की मराठी वृत्तपत्राच्या जिल्हा पानावर अंत्ययात्रेची बातमी. म्हणजे डोह ज्यांना माहीत आहे त्यांची हकिकत एका भाषेत, आणि ज्यांची पोरे पुढच्या रविवारी येणार त्यांचे दुःख दुसऱ्या भाषेत. त्या मुलाच्या शेजारच्या गल्लीतली पोरे कुंतलाला निघतील तेव्हा त्यांना त्याचे नाव ठाऊक असेल, तो कोणत्या खडकावरून घसरला ते नसेल.

जुन्या लोकांनी यावर काढलेली एक वाट मला महत्त्वाची वाटते. आपल्या नद्यांच्या काठी डोहाजवळ साती आसरांचे शेंदूर लावलेले दगड असतात. इथे आसरा आहेत, पाणी ओढते, भलत्या वेळी उतरू नये, असे आजी सांगायची. ही श्रद्धा म्हणून माना किंवा मानू नका, पण ते दगड काय काम करतात ते पाहा. डोहात कोण गेले याचा उच्चार नाही, कुणाच्या घराकडे बोट नाही, कुणाच्या मुलाचा मूर्खपणा नाही. सांगायचे ते जागेबद्दल. गेलेल्याचा दोष पाण्यातल्या देवतांनी आपल्याकडे घेतलेला. मागे राहिलेल्या आईला त्याने केवढा आधार मिळाला असेल. उणीव एकच: पाणी ओढते कसे, हे त्या दगडाला सांगता येत नाही, आणि गावाबाहेरून आलेल्या पोराला दगड वाचता येत नाही.

आता अवघड भागाकडे येतो, कारण नाव गाळले की काम झाले असे नाही. नेरडीगोंड्यासारख्या ठिकाणी किंवा किनवट तालुक्यातल्या गावात नाव झाकून काय होणार? जुलैच्या अमुक रविवारी बुडालेला एकोणीस वर्षांचा मुलगा म्हटले की अख्ख्या गावाला कळते. म्हणून एका मृत्यूचा अहवाल एकट्याने बाहेर येऊच नये. कुंतला, पोचेरा, इस्लापूरजवळचा पैनगंगेवरचा सहस्रकुंड, अशा ठिकाणच्या काही वर्षांच्या घटना एकत्र करून, तारखा आणि वये गाळून, त्या लिहाव्यात. जागा मात्र गाळू नयेत. जागा गाळली तर काहीच उरत नाही. तातडीचा धोका दिसला, कठडा तुटला असेल किंवा दोर नसेल, तर तो त्याच आठवड्यात दुरुस्त करावा. त्यासाठी कुणाची कहाणी सांगावी लागत नाही.

त्याहून अवघड म्हणजे घराला टोचणाऱ्या गोष्टी. मुलगा प्यायलेला होता. त्याला फिटचा त्रास होता आणि सोयरिकीला अडचण नको म्हणून घरच्यांनी तो लपवला होता. घरी सांगून निघाला होता एक आणि गेला भलतीकडे, भलत्या कुणाबरोबर. यातल्या पहिल्या दोन गोष्टी धड्यासाठी लागतात, तिसरी कधीच लागत नाही. ही चाळणी ज्याला लावता येत नाही त्याच्या हाती अशा चौकशीचे काम देऊ नये. आणि पहिल्या दोन गोष्टीसुद्धा एका मुलाच्या म्हणून कधी येऊ नयेत. इतक्या घटनांपैकी इतक्यांत दारू होती, असेच यावे.

मग कुटुंबाला नकाराधिकार असावा का? यावर मी बराच विचार केला आहे आणि माझे उत्तर दोन तुकड्यांत आहे. नाव, चेहरा, घर, आजार, शेवटचे चित्रण, यांवर पूर्ण अधिकार कुटुंबाचा. कायदा इथे तोकडा आहे. खासगीपणाचा हक्क माणसाबरोबर संपतो, तो वारसांकडे जात नाही, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका दिवंगत अभिनेत्याच्या प्रकरणात घेतली. कायद्याचे असेल तसे असो. मेलेल्याचा चेहरा बाजारात फिरू न देणे हा साधा माणुसकीचा व्यवहार आहे आणि पत्रकारांनी तो कायद्याची वाट न पाहता पाळावा. पण पाण्याबद्दलच्या माहितीवर, म्हणजे नदी किती वाजता चढली, खडक कुठे निसरडा आहे, मदत यायला किती वेळ लागला, यावर कुठल्याही कुटुंबाला नकाराधिकार असू नये. ती माहिती अजून न बुडालेल्या मुलांच्या मालकीची आहे. कुटुंबाला तिथे एक वेगळा हक्क द्यायला हवा: जे काही बाहेर जाणार ते सर्वांत आधी त्यांना वाचून दाखवण्याचा. त्यांच्या भाषेत, त्यांच्या घरी बसून, तेराव्यानंतर कधीतरी, ते म्हणतील तेव्हा.

हे मी कठोरपणाने लिहीत नाही. कुटुंबाच्या नावाने होणारी लपवाछपवी मला अधिक कठोर वाटते. ‘कुटुंबाच्या भावनांचा विचार करून’ हे शब्द पुष्कळदा ज्यांच्या भावनांशी काही देणेघेणे नसते तेच वापरतात. ८ जून २०१४ रोजी हिमाचलमध्ये बियास नदीत हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले, लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात. त्यांच्या आईवडिलांना मौन नको होते. पाणी कुणी, कधी, कोणत्या सूचनेने सोडले, हे त्यांना हवे होते. प्रकरण न्यायालयात गेले, आणि २०१६ मध्ये हिमाचल उच्च न्यायालयाने प्रत्येकी २० लाखांची भरपाई ठरवली. तारकर्लीला २४ मे २०२२ रोजी स्कूबा डायव्हिंग करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले, तेव्हाही बोटीत किती जण होते, जॅकेट कुणाच्या अंगात होते, हे प्रश्न कुणाच्याही खासगी आयुष्यातले नव्हते. खासगीपणा घराचा असतो. बोटमालकाला, धरणाला, वनखात्याला किंवा महाविद्यालयाला तो नसतो.

आणि माहिती दाबल्याने घर वाचते हाही भ्रम आहे. आसामचे गायक झुबिन गर्ग सप्टेंबर २०२५ मध्ये सिंगापूरला मरण पावले तेव्हा पहिली बातमी स्कूबा डायव्हिंगच्या अपघाताची होती. ते पोहत असताना घडले, हे नंतर पुढे आले. मधल्या काळात आसाममध्ये संशय, आरोप, अटका यांचे जे वादळ उठले त्यात त्यांच्या पत्नीच्या वाट्याला शोकाचा एक शांत दिवस आला असेल असे वाटत नाही. खरी हकिकत वेळेवर आली नाही की अफवा तिची जागा घेते, आणि अफवेला नाव लागतेच.

राहता राहिले सोबतचे मित्र. मला सगळ्यांत जास्त काळजी त्यांची वाटते. काय घडले हे फक्त त्यांना माहीत असते, आणि नेमके त्यांनाच सगळे जण गप्प बसवतात. घरचे म्हणतात, पोलिसांत अडकशील. मेलेल्याचे नातेवाईक विचारतात, तू कसा परत आलास? तो मुलगा आयुष्यभर तो प्रश्न बाळगतो, आणि त्याच्याजवळची माहिती त्याच्याबरोबर पुरली जाते. पाण्यात एकापाठोपाठ एक जाणारे मृत्यू बहुतेक याच नात्यातून होतात: पहिला घसरतो, दुसरा त्याचा हात धरायला उतरतो, तिसरा दुसऱ्यासाठी. तमिळनाडूत २०२० साली कोट्टराई धरणावर तीन बायकांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या आणि बुडणाऱ्या चार मुलांपैकी दोघांना ओढून काढले. हा धडा, की उतरायचे नाही, काही तरी लांब फेकायचे, पंचनाम्यातून कधीच आला नसता. तो काठावर उभ्या असलेल्या माणसांकडेच होता.

म्हणून नेरडीगोंड्यापासून सुरुवात करायची तर आधी या मित्रांना लेखी हमी द्यावी लागेल की त्यांनी पाण्याबद्दल जे सांगितले ते त्यांच्याविरुद्ध वापरले जाणार नाही, आणि त्यांची नावे कुठे येणार नाहीत. ऐकून घेणारा माणूस पोलीस नसावा. आदिलाबादच्या वैद्यकीय महाविद्यालयातला डॉक्टर असावा, सोबत डोह ओळखणारा कुंतलाचा एखादा गोंड रहिवासी आणि मराठी बोलणारे कुणीतरी. वर्षातून एकदा, एप्रिल-मेमध्ये, त्यांनी एक पान लिहावे, तेलुगू, गोंडी, मराठी, हिंदीत. ते पान नांदेड आणि यवतमाळच्या महाविद्यालयांत जूनच्या पहिल्या पावसाआधी पोहोचावे, आणि धबधब्याच्या पायऱ्या सुरू होतात तिथे मोठ्या अक्षरांत लागावे: धारेच्या किती जवळ जायचे नाही, वर कुठे पाऊस झाला की इथे किती वेळात पाणी येते, दोर कुठे टांगला आहे. यासाठी लागणारा पैसा एका वळणावरच्या स्वागतकमानीपेक्षा कमी आहे.